दुर्गा खोटे : भूमिका आणि आत्मकथन

मराठी रंगभूमी व चित्रपट यांच्या इतिहासात दुर्गा खोटे (१९०५–१९९१) यांचे कार्य बहुधा एका वाक्यात उरकले जाते : कुलीन स्त्रियांना चित्रपटाचे दार त्यांनी उघडून दिले. हे विधान असत्य नव्हे. परंतु त्यात गौरव होतो तो घराण्याचा, कलेचा नव्हे. शिवाय १९१३ सालीच ‘मोहिनी भस्मासुर’ ह्या मूकपटात उतरलेल्या दुर्गाबाई कामत व कमलाबाई ह्या मायलेकी त्यामुळे नजरेआड होतात.

घरच्या आर्थिक निकडीतून ‘फरेबी जाल’ (१९३१) हा त्यांचा पहिला चित्रपट घडला. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मधील तारामती, ‘अमरज्योति’ (१९३६) मधील सौदामिनी आणि ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मधील जोधाबाई ह्या भूमिका एकत्र ठेवून पाहिल्यास एक सूत्र आढळते. ह्या स्त्रिया सत्तेच्या शेजारी उभ्या आहेत. सत्ता मात्र त्यांच्या हाती नाही. पुत्रावरील हक्क नाकारला गेल्यामुळेच सौदामिनी बंडास प्रवृत्त होते.

रंगभूमीवर हेच सूत्र अधिक कठीण कसोटीला लागले. अमरावतीचे नाटककार वीर वामनराव जोशी यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षे’तील मृणालिनी केशवराव भोसले यांनी गाजविली. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तील (१९०९) आनंदीबाईही पुरुष नटांच्याच काळातील. अशा भूमिकांत स्त्रीत्व हे प्रदर्शनाचा विषय असे. ती आनंदीबाई दुर्गाबाईंनी उभी केली, तेव्हा स्त्रीत्व गृहीत धरले गेले आणि महत्त्वाकांक्षा हा विषय झाला. ‘मॅक्बेथ’वर आधारलेल्या शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मधील (१९५४) नायिकेलाही हेच लागू पडते.

‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२) ह्या आत्मचरित्राचे मूल्यमापन करताना हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’शी (१९७०) तुलना अपरिहार्य ठरते. अरुण साधू यांनी शब्दांकित केलेल्या त्या कथनातील बेधडकपणा दुर्गाबाईंच्या संयत लेखनात नाही. तो उणेपणा मानण्याची घाई अभ्यासकाने करू नये. प्रतिष्ठेच्या बळावर जिला ह्या व्यवसायात स्थान मिळाले, तिला उघडपणे बोलण्याची मोकळीक तेवढीच कमी होती. ‘कुलीन’ ह्या बिरुदाची ही किंमत होय. पडद्यावर व रंगमंचावर तिने ज्या स्त्रिया साकारल्या, त्यांचीच कोंडी ह्या संयमात वेगळ्या रूपाने दिसते. आणि म्हणून भूमिका व आत्मकथन यांचे वाचन एकत्रच व्हावयास हवे.