गळाचे वाङ्मय आणि उपेक्षित मासे

आयझॅक वॉल्टन याचा ‘द कम्प्लीट अँग्लर’ हा ग्रंथ १६५३ साली लंडनात प्रसिद्ध झाला. आमच्याकडील इंग्रजी शिकलेल्या मंडळींस तो ठाऊक असतो तो बहुधा त्याच्या संथ, प्रसन्न गद्यासाठी. आम्हीही अनेक वर्षे तो वर्गात त्याच दृष्टीने शिकविला. कुरणे, पावसाची सर, वाटेवरची खानावळ, गवळणीचे गाणे, हे सारे विद्यार्थ्यांस समजावून दिले. मासे मात्र आम्ही खुशाल ओलांडून गेलो. ग्रंथ माशांविषयी आहे ही गोष्ट शिक्षकाच्या ध्यानात यावयास इतका काळ लागावा, हे काही भूषणावह नव्हे.

ती ध्यानात आणून दिली एका भोयाच्या मुलाने. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मुठेच्या वरच्या अंगास एका बंधाऱ्यावर तो गळ टाकून बसला होता. वेळूची काठी, साधी दोरी, कणकेची गोळी. त्याने बोटभर लांबीची एक रुपेरी, चपटी मासळी वर काढली. आम्ही नाव विचारले. “आळकूट हाय ती, सर. तुमाला नाय ठावं?” ट्राउट, ग्रेलिंग, साल्मन ही नावे आम्हांस मुखोद्गत, संस्कृतातला रोहितही परिचयाचा, आणि घरापासून चार कोसांवरील मासळीचे नाव प्रथमच कानी पडत होते!

घरी येऊन वॉल्टन पुन्हा उघडला. या वेळी वाचताना जाणवले की ग्रंथाची खरी थोरवी त्याच्या औदार्यात आहे. चब नावाचा काटेरी, बेचव म्हणून हिणविला जाणारा एक मासा आहे. वॉल्टनचा कोळी आपल्या शिष्यास प्रथम धडा देतो तो त्याचाच, आणि नीट साफ करून भाजला तर तोही रुचकर लागतो हे त्यास जेवू घालून पटवितो. कार्प माशास तर त्याने मोठाच मान दिला आहे. तो धूर्त आहे, त्यास धरण्यास अलोट धीर लागतो, आणि तो इंग्लंडात बाहेरून आलेला आहे, हे सर्व तो नोंदवितो. जुन्या पोथ्यांवर त्याची श्रद्धा मात्र फार भाबडी. पाइक मासा पाणवनस्पतीपासून उपजतो हे त्याने खरे मानून लिहिले आहे. परंतु कोणत्याही माशास तो हलका म्हणत नाही.

पुढे हे औदार्य टिकले नाही. १६७६च्या आवृत्तीस चार्ल्स कॉटनने जोडलेला भाग ट्राउट व ग्रेलिंग यांच्यासाठीच आहे. कालांतराने इंग्रज शिकाऱ्यांनी माशांतही वर्णभेद मानला: साल्मन व ट्राउट हे कुलीन, कार्प व त्याचे भाऊबंद हे भरड. हीच दृष्टी घेऊन ते येथे आले. मद्रास इलाख्यातील अधिकारी एच. एस. थॉमस याचे ‘द रॉड इन इंडिया’ (१८७३) हे मोठे खेळकर पुस्तक आहे. पण त्यातील मासीरचे कौतुक साल्मनच्या मापाने केलेले आहे. मासीर हाही कार्पच्याच कुळातला, ही यातली गंमत. त्याच थॉमसला १८८७ साली आमच्या तळ्यांतील माशांवर स्वतंत्र पुस्तक लिहावेसे वाटले, हे त्याच्या रसिकतेचे लक्षण आम्ही समजतो.

आमच्या बाजूचे चित्र काय? कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ११२९च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. नदीचे व समुद्राचे, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे भेद, गळ, दोरी, काठी, आणि कोणत्या जातीस कोणते खाद्य, हे सारे वॉल्टनच्या पाचशे वर्षे आधी तेथे आले आहे. माहितीत तो वॉल्टनला मुळीच हार जाणार नाही. पण ती राजाच्या करमणुकीची यादी आहे, तीत नदीकाठचा माणूस नाही.

आणि मराठी नावे? ती जपली कर्नल साईक्स नावाच्या इंग्रजाने. १८३९ साली त्याने दख्खनच्या माशांस शास्त्रीय नावे दिली, तेव्हा कोळ्याभोयांच्या तोंडचे शब्दच लॅटिनात बसविले: खुद्री, कोलस, अळकुटी. आमचे शब्द असे लॅटिन पोशाखात लंडनास जाऊन राहिले आणि आम्ही येथे त्यांस विसरलो. साईक्सला खुद्री, म्हणजे आपला एक मासीर, मिळाला तो पुण्याच्या पूर्वेस आठ मैलांवर, मुळा-मुठेत. आज तेथून शहराचे सांडपाणी वाहते, आणि खुद्रीची पिले लोणावळ्यास टाटांच्या केंद्रात वाढवावी लागतात. धरणांत सोडले जातात ते गंगेकडील रोहू, कटला, मृगळ. आणि त्यांच्या जोडीला परदेशी कार्प, जो १९३९ साली सिंहलद्वीपातून निलगिरीत आणला गेला. वॉल्टनच्या इंग्लंडाप्रमाणे येथेही तो पाहुणाच. त्याच्याशी आमचे वैर नाही. पण पाहुण्याचे नाव बाजारात सर्वांस ठाऊक आणि घरच्यांचे कोणास नाही, हे विपरीत आहे.

सोमेश्वराची माहिती, साईक्सचा कान आणि वॉल्टनचा जिव्हाळा एकत्र आलेले मराठी पुस्तक आमच्या पाहण्यात नाही. ते प्राध्यापकाच्या हातून होणे कठीण. त्या मुलाकडे आम्ही पुन्हा दोनदा गेलो. कोळशी, मरळ, वाम, शिंगटा, कानस अशी नावे वहीत उतरली आहेत. दोन मासळ्यांची नावे त्यालाही येईनात; ती आज्याला विचारून सांगतो म्हणाला.