‘फुटलूज’ : एका विशेषणाची परीक्षा

कोशांतला अर्थ आणि वापरांतला अर्थ यांमध्यें कधीं कधीं इतकें अंतर पडतें कीं, केवळ कोशावर विसंबणारा भाषांतरकार नकळत वाचकाची फसवणूक करितो. इंग्रजींतील ‘फुटलूज’ हें विशेषण या दृष्टीनें परीक्षण्यासारखें आहे. पाय मोकळे असलेला, हा त्याचा मूळ अर्थ. त्यावरून, घरदार वा जबाबदारी यांचा पाश नसल्यामुळें वाटेल तेथें जाऊं शकणारा, हा रूढ अर्थ निघाला.

मराठींत यास प्रतिशब्द थोडे नाहींत. पण प्रत्येकास कांहीं तरी निराळेंच चिकटलेलें आहे. ‘मोकाट’ म्हटलें कीं गुरें आठवतात. ‘उनाड’ म्हटलें कीं वडिलांचा राग ऐकूं येतो. ‘स्वैर’ म्हणजे मुळांत आपल्या इच्छेनें चालणारा. पण ‘स्वैराचारा’च्या संगतीनें तोहि बदनाम झाला. उलट ‘जंगम’ या शब्दास लिंगायत परंपरेनें पावित्र्य दिलें. म्हणजे आपल्या भाषेंत फिरणारा मनुष्य एक तर पूज्य, नाहीं तर संशयास्पद! ‘पाय मोकळे करणें’ हा वाक्प्रचार शब्दशः जवळचा खरा. परंतु पाय मोकळे करावयास गेलेला मराठी गृहस्थ दिवेलागणीस घरीं परततो.

खरी अडचण पुढेंच आहे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमान यांनीं दक्षिण गुजरातेंतील मजुरांविषयींच्या आपल्या १९९६ सालच्या इंग्रजी ग्रंथाच्या नांवांतच हें विशेषण योजिलें. तेथें ‘स्वच्छंद मजूर’ असें भाषांतर केल्यास अर्थाचा अनर्थ होईल. नांदेड-लातूरकडील वाचकास हें निराळें सांगावयास नको. पावसाळा सरला कीं या भागांतील कित्येक गांवांतून व तांड्यांतून जोडपीं ऊसतोडीस निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून ‘उचल’ आधींच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत सुटका नाहीं. उमरी स्टेशनावर हौसेनें गाडींत चढणारा प्रवासी आणि हें जोडपें, दोघांसहि इंग्रजी एकच विशेषण लावूं शकते. पण जमिनीपासून सुटलेले मजुराचे पाय उचलीनें बांधलेले असतात.

म्हणून आमचें मत असें कीं, फिरणें जेथें खुशीचें तेथें ‘स्वच्छंद’ म्हणावें. जेथें तें पोटासाठीं, तेथें ‘पोटामागें फिरणारा’ असें सरळ लिहावें, मग शब्द लांबला तरी चालेल. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदानें नागरिकांस देशभर मुक्त संचाराचा हक्क दिला आहे. त्या ‘मुक्त’ शब्दाची कसोटीहि हीच: मनांत येईल तेव्हां माघारी फिरण्याची ज्यास मुभा आहे, त्याचेच पाय मोकळे.