खापरखवल्या आणि मालगाडी

लोणावळ्याकडे पावसात टिपलेला खापरखवल्याचा फोटो इंदुरीत दाखवला, की हमखास ऐकू येतं, ‘मांडुळाचं पिल्लू! किती मिळतील?’ तुमच्या नोट्सही फार वेगळ्या नाहीत: ‘बिळात राहण्यासाठी पाय गेले.’ माझ्या सिनॉप्सिसमध्येही हे वाक्य होतं, गाईडनी खोडलं. पाय तर झाडावरच्या हरणटोळालाही नाहीत! मग खणणाऱ्याचं वेगळं काय?

कार्ल गान्स आणि सहकाऱ्यांचा ‘सायन्स’मधला १९७८चा पेपर वाचा. या कुळातल्या सापांचे पुढच्या भागातले स्नायू मायोग्लोबिन आणि मायटोकॉन्ड्रियांनी भरलेले, मागचे फिके. म्हणजे पुढे इंजिन, मागे मालगाडीचे डबे. कातडीच्या आतच मणके नागमोडी वळतात, तिथे अंग फुगून बिळाच्या भिंतीला टेकतं आणि टोकदार डोकं पुढे रेटलं जातं.

उपमा झकास आहे. पण माझी तक्रार इथेच: स्नायूंचा हा लालपणा दमसास सांगतो, जोर नाही. जोर हवा तर डोक्यापुढे सेन्सर लावून मोजावा लागतो. आणि शेपटीची खरखरीत ढाल खणण्यात कुठे बसते? तिला माती चिकटून मागे बूच बसतं, म्हणजे ती पाठ राखायला. माझ्या फोटोतही शेपटीवर चिखलाचा गोळा आहे.