विराम आणि बालवाचक : 'वाचनसंस्कार' या संकल्पनेची एक चिकित्सा

मुलांच्या वाचनाविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते त्यात 'वाचनसंस्कार' हा शब्द आता इतका रुळला आहे की, त्यातील दोन पदांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. संस्कार वडीलधाऱ्यांनी करावयाचा असतो आणि मुलाने तो स्वीकारावयाचा असतो. वाचन मात्र, ते खरोखर घडत असेल तर, वाचणाऱ्याने स्वतः करावयाची कृती आहे. 2015 पासून महाराष्ट्रात 15 ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. 2017 मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील भिलार हे 'पुस्तकांचे गाव' झाले. अशा उपक्रमांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्याभोवती चालणाऱ्या चर्चेत एक गृहीतक सातत्याने वावरताना दिसते. मूल वाचत नाही, कारण त्याच्या हातात मोबाइल आहे. तो काढून घेऊन त्या जागी पुस्तक ठेवले की वाचन सुरू होईल, असे हे गृहीतक आहे. त्यात दोन वस्तूंची अदलाबदल आहे. संहितेचा विचार त्यात कोठेच नाही.

मोबाइल मुलांपर्यंत पोचला आहे, ही वस्तुस्थिती वादातीत आहे. ग्रामीण भारताविषयीच्या 2024 च्या 'असर' पाहणीत 14 ते 16 वयोगटातील 82 टक्क्यांहून अधिक मुलांनी स्मार्टफोन वापरता येत असल्याचे सांगितले. त्यांपैकी 57 टक्क्यांनी पाहणीपूर्वीच्या आठवड्यात त्याचा उपयोग शिक्षणाशी निगडित कामासाठी केला होता, तर 76 टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. या आकड्यांवरून मुलांचा वेळ कोठे जातो याचा अंदाज येतो. वाचनाच्या प्रक्रियेविषयी मात्र त्यातून काही कळत नाही. त्या दृष्टीने पाब्लो देल्गादो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक उद्बोधक आहे. कागद आणि पडदा यांवरील वाचनाची तुलना करणाऱ्या 54 संशोधनांचा त्यांनी एकत्रित विचार केला. माहितीपर मजकुराचे आकलन कागदावर अधिक चांगले होते, असे त्यांना आढळले. केवळ कथनात्मक मजकुराच्या बाबतीत मात्र तसा फरक दिसला नाही. ही पाहणी केवळ मुलांपुरती नव्हती, हे ध्यानात ठेवूनही साहित्याच्या अभ्यासकाला तिची दखल घ्यावी लागते. कथेच्या बाबतीत कागद की पडदा हा प्रश्न निर्णायक ठरत नसेल, तर निर्णायक काय ठरते?

वोल्फगांग इझर या जर्मन समीक्षकाने 1970 च्या दशकात मांडलेली वाचनप्रक्रियेची उपपत्ती येथे साहाय्यक ठरते. इझरच्या मते साहित्यकृतीत सर्व काही सांगितलेले नसते. दोन घटनांमध्ये, दोन दृष्टिकोनांमध्ये, बोललेल्या आणि न बोललेल्या गोष्टींमध्ये रिक्त जागा असतात; त्या भरून काढताना वाचक संहितेला अर्थ देतो आणि संहितेचा गर्भित वाचकही होतो. ही उपपत्ती प्रौढांच्या कादंबरीचा विचार करताना सिद्ध झाली आहे. बालसाहित्याला ती लावताना एक भर घालणे आवश्यक आहे. रिक्त जागा भरून काढण्यासाठी बालवाचकाला वेळ लागतो, आणि हा वेळ संहितेच्या रचनेतच उपलब्ध असावा लागतो. या वेळाला 'विराम' म्हणता येईल. मुलाच्या वाचनाची प्रत तो किती पाने वाचतो यावर अवलंबून नसून तो कोठे आणि कशासाठी थांबतो यावर अवलंबून असते. त्यामुळे संहिता त्याला थांबू देते काय, हा बालसाहित्याच्या समीक्षेचा पहिला प्रश्न ठरतो.

हा प्रश्न विचारला की पडद्याच्या आधी मराठी बालसाहित्याचीच झडती घ्यावी लागते. मराठीतील छापील बालवाङ्मयाच्या आरंभीच, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, तंजावरला झालेला इसापच्या गोष्टींचा अनुवाद आहे. इसापच्या गोष्टीबरोबर 'तात्पर्य' आले आणि पुढे शालेय वाचनात ते पक्के रुजले. तात्पर्य ही गोष्टीच्या शेवटी जोडलेली निरुपद्रवी ओळ नाही. कोल्हा द्राक्षांकडे पाठ फिरवून निघून जातो, तेथे मुलाच्या मनात काही घडू लागलेले असते; कोल्हा खोटे बोलला की त्याला खरेच तसे वाटले, हा प्रश्न नुकताच आकार घेत असतो. तात्पर्याची ओळ नेमकी त्याच ठिकाणी येते आणि ती जागा बुजवून टाकते. लुईझ रोझेनब्लॅट यांनी 1978 मध्ये वाचनाचे दोन प्रकार कल्पिले होते : वाचून झाल्यावर काय हाती उरते याकडे लक्ष लागलेले वाचन, आणि वाचत असताना काय अनुभवास येते याकडे लक्ष असलेले वाचन. तात्पर्य दुसऱ्या प्रकारच्या वाचनाला अर्ध्यावर अडवून पहिल्या प्रकारात ढकलते. त्याखालची प्रश्नोत्तरे उरलेले काम पूर्ण करतात.

अर्थात उपदेश आणि विराम यांचा संबंध इतका सरळ नाही. त्याचे सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण म्हणजे साने गुरुजींची 'श्यामची आई'. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि 1935 मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक संस्कारवादी बालसाहित्याचा आदर्श मानले जाते. त्यामुळेच आधुनिक अभिरुचीचे समीक्षक त्याच्याविषयी काहीसे अवघडून बोलतात. या पुस्तकाच्या रूपबंधाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, एकूण बेचाळीस. श्याम आश्रमातील मित्रांना रोज सायंकाळच्या प्रार्थनेनंतर एक आठवण सांगतो, आणि ती सांगून झाली की मंडळी उठतात. पुढचे उद्या. श्रोते येतात, वाट पाहतात, मधूनमधून बोलतात. कथनाला दिवसाचे माप आहे आणि श्रोत्यांना मधला एक संपूर्ण दिवस मोकळा आहे. पुस्तक अनेक घरांत रात्री एकेक प्रकरण याप्रमाणे मोठ्याने वाचले गेले, त्यात केवळ भाविकता नव्हती. वाचनाची ती रीत संहितेनेच सुचविलेली होती.

याच पुस्तकातील 'अळणी भाजी' ही रात्र पाहावी. भाजीत मीठ पडलेले नाही. वडील काही न बोलता जेवतात, मुलेही तशीच जेवतात; आई स्वतः पानावर बसते तेव्हा तिला ते कळते. या प्रसंगात न बोलणे हीच घटना आहे. वडिलांचे मौन प्रेमाचे की संयमाचे, की घरातील पुरुषाच्या एखाद्या निराळ्या सवयीचे? मुलांनी ते मौन ओळखले की केवळ त्याचे अनुकरण केले? आईला वाईट वाटते ते भाजीचे की आपल्याला कोणी सांगितले नाही याचे? श्याम नंतर यावर भाष्य करतो, आणि ते भाष्य लांबते, हे खरेच आहे. तथापि हे भाष्य एका विशिष्ट निवेदकाचे आहे, आईच्या आठवणीने व्याकुळ झालेल्या प्रौढ मुलाचे आहे. ते ऐकणारे मित्र संहितेत उपस्थित आहेत आणि त्यांनी ते जसेच्या तसे स्वीकारलेच पाहिजे असे नाही. चौकट असल्यामुळे उपदेशालाही पात्राचा आवाज मिळतो. हाच प्रसंग वेचा म्हणून चौकटीबाहेर काढला की रात्र जाते, श्रोते जातात, श्यामचे वय जाते. उरतो तो धडा. 'श्यामची आई'वर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी कितीतरी आक्षेप वस्तुतः या वेच्यांवरचे आहेत.

विरामाचे आणखी एक रूप 'चांदोबा'च्या वाचकांना परिचित असेल. 'चंदामामा' 1947 मध्ये तेलुगू व तमिळमध्ये निघाले. मराठी आवृत्ती 1952 मध्ये आली आणि पुढे साठ वर्षांच्या आसपास या मासिकाचा प्रपंच चालला. त्यातील विक्रम-वेताळाची मालिका मूळच्या पंचविशीच्या पलीकडे कितीतरी लांबली, आणि तिचा साचा कधीच बदलला नाही. खांद्यावर प्रेत, वेताळाची गोष्ट, गोष्टीअखेर प्रश्न, राजाचे उत्तर, मौनभंग, वेताळ पुन्हा झाडावर. समीक्षकाला हा साचा यांत्रिक वाटेल. पण प्रश्न आणि राजाचे उत्तर यांच्यामध्ये मुलाला स्वतःचे उत्तर ठरविण्याची संधी दरमहा मिळत होती, आणि राजाचे उत्तर पटले नाही तर वाद घालण्यासाठी पुढचा अंक येईपर्यंत महिना हाताशी होता. येथेही नीतीच सांगितली जात होती. फरक एवढाच की ती प्रश्नाच्या रूपाने येत होती.

आता पडद्याकडे वळता येईल. मोबाइलवर मराठी मुलाला जे मिळते त्याचा मोठा भाग वाचावयाचा नसून पाहावयाचा-ऐकावयाचा असतो, ही पहिली गोष्ट. दुसरी अधिक महत्त्वाची. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते. बोटाने वर सरकणाऱ्या मजकुराला तळ नसतो. ही योजना पाहणाऱ्याने थांबू नये यासाठीच केलेली आहे. म्हणजे तात्पर्य जे काम गोष्टीच्या शेवटी करते तेच काम येथे शेवट नाहीसा करून साधले जाते. एकात विराम उपदेशाने भरला जातो, दुसऱ्यात पुढच्या गोष्टीने. संस्कारवादी पालक आणि मोबाइल हे ज्या चर्चेत प्रतिपक्ष म्हणून उभे केले जातात, तिला हे साम्य दिसत नाही. तात्पर्य पाठ करून घेणाऱ्या वाचनाने कंटाळलेले मूल न थांबणाऱ्या पडद्याकडे वळले, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. थांबून काही करावे, ही अपेक्षा त्याच्याकडून पूर्वीही केलेली नव्हती.

मात्र एवढ्यावरून पडद्यावर वाचन अशक्य आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. 1 ते 8 वर्षे वयाच्या मुलांसंबंधी फुरेनेस, कुचिर्कोवा आणि बुस या अभ्यासिकांनी 2021 मध्ये 39 संशोधनांचा आढावा प्रसिद्ध केला. पुस्तक जसेच्या तसे पडद्यावर नेले तर कागद सरस ठरतो; पण कथेच्या ओघाकडे लक्ष वेधणाऱ्या सोयी त्यात असतील तर पडदा सरस ठरू शकतो, असे त्यांना आढळले. शब्दाला बोट लावताच अर्थ सांगणाऱ्या सोयीने शब्दसंग्रह वाढला तरी गोष्ट समजण्यास मदत झाली नाही. आणि मुलाने एकट्याने वाचलेल्या अशा सजविलेल्या डिजिटल पुस्तकापेक्षा मोठ्या माणसाने सोबत बसून वाचलेले छापील पुस्तक अधिक परिणामकारक ठरले. इझरच्या परिभाषेत याचा अर्थ असा की, रिक्त जागा दाखवून देणारी सोय उपकारक असते आणि वाचकाला त्या जागेपासून दूर नेणारी सोय अपायकारक. सोबत वाचणारा मोठा माणूस नेमके पहिले काम करतो. तो पान उलटण्यापूर्वी थांबतो, मुलाच्या तोंडाकडे पाहतो.

माध्यमांतरात काय जाते याचे एक छोटे उदाहरण भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे. बनेशच्या तोंडचा 'ट्टॉक्' हा आवाज कागदावर केवळ अक्षरे आहे. तो नेमका कसा, हे प्रत्येक मुलाने स्वतःची जीभ टाळ्याला लावून ठरविलेले असते. 2017 च्या चित्रपटात तो ऐकू येतो. चित्रपट म्हणून त्यात काही गैर नाही. बनेशला मोठा करून त्या चित्रपटाने स्वतंत्र वाट धरली. परंतु आवाज एकदा ठरला की मुलाच्या वाट्याचे एक काम कमी झाले. विंदा करंदीकरांच्या 'एटू लोकांचा देश'सारख्या कवितेत अशी कामे जागोजागी पेरलेली आहेत, आणि तात्पर्य काढण्याचा उद्योग तेथे मुळातच फसतो. मराठी बालकवितेने उपदेशातून जितक्या लवकर सुटका करून घेतली तितक्या लवकर बालकथेने घेतली नाही, हे येथे नोंदवावे लागेल.

या सर्व विवेचनात एक अडचण शिल्लक राहते, आणि ती वाङ्मयीन नाही. रात्री शेजारी बसून वाचणारा मोठा माणूस सर्व घरांत नसतो. जेथे आईवडिलांना वाचता येत नाही, किंवा ते हंगामाला ऊसतोडीवर आहेत, तेथे 'मोबाइल काढा, पुस्तक द्या' हा सल्ला पुस्तकांचे कपाट असलेल्या घरातून आलेला असतो. अशा मुलाला गोष्ट मोठ्याने वाचून दाखविणारा एकमेव आवाज कदाचित फोनमधला असेल. तो आवाज बहुधा प्रमाण मराठीत बोलतो. कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला तो अर्धाच कळतो. येथे रिक्त जागा कथेच्या नसून भाषेच्या असतात, आणि त्या कल्पनाशक्तीने भरून निघत नाहीत. 'प्रथम बुक्स'ने 2015 मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संग्रहाचे महत्त्व या संदर्भात तपासले पाहिजे. तेथील गोष्टी मुक्त परवान्याखाली असल्यामुळे एखाद्या शिक्षकाला त्या मुलांच्या घरच्या बोलीत उतरविता येतात, छापून घेता येतात, आणि पडद्यावरही त्या पानापानानेच पुढे जातात; पान संपले की काहीही आपोआप सुरू होत नाही. संग्रहातील गोष्टींचा वाङ्मयीन दर्जा सारखा नाही, अनुवाद तर कित्येकदा सपाट आहेत. पण पानाची मर्यादा राखण्याचा निर्णय रूपबंधाचा निर्णय आहे, आणि तो समीक्षेच्या कक्षेत येतो.

मराठी बालसाहित्याची समीक्षा आजवर विषय, भाषेची सुबोधता आणि मूल्ये यांच्या याद्यांवर पोसली गेली आहे. चित्रपुस्तकात पान नेमके कोणत्या वाक्यावर उलटते, मासिकातील क्रमशः गोष्ट कोठे तोडली जाते, वेचा निवडताना चौकटीतील काय गळते, या गोष्टींकडे तिने क्वचितच पाहिले. 'अळणी भाजी' पडद्यावर आणावयाची झाल्यास वडिलांच्या पहिल्या घासानंतर चित्र किती क्षण स्थिर राहू द्यावे, या प्रश्नाचे उत्तर आज संगणक-अभियंत्याच्या अदमासावर सोडलेले असते.