ऑनलाइन वर्गाचं नियमपत्रक : एक वाचन



विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, की या मालेत पुस्तकांवर बोलतात, नाटकांवर बोलतात, तुम्ही कॉलेजच्या नियमांवर काय बोलणार? आम्ही म्हटलं, आम्हीही एका मजकुरावरच बोलणार आहोत. त्याला कुणी साहित्य म्हणत नाही, इतकंच. पण मालेगावातल्या कॉलेजच्या पोरांनी गेल्या काही वर्षांत कुठल्याही कादंबरीपेक्षा तो जास्त वेळा उघडला असेल. ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू झाला की पहिल्याच दिवशी ग्रुपवर एक पीडीएफ पडते, 'विद्यार्थ्यांसाठी सूचना व नियम'. तिचंच आज परीक्षण करायचंय.

आम्ही म्हणजे मालेगावात आणि कसमादे पट्ट्यात शिकवणारे चारजण. टिपण चौघांनी मिळून केलंय, बोलतोय एक. अशी वीसेक पत्रकं आम्ही जमवली. कोणत्या कॉलेजची ते सांगणार नाही, आणि त्यातली दोन आम्हीच लिहिलेली आहेत, हेही कबूल करून टाकतो.

आधी भाषा बघू. विद्यार्थ्यासाठी जे क्रियापद येतं ते सगळं विध्यर्थी. वेळेवर हजर राहावे. कॅमेरा चालू ठेवावा. माइक बंद ठेवावा. पूर्ण नावाने लॉगिन करावे. आणि संस्थेकडे वळलं की वाक्य एकदम कर्मणी होतं. सबब ऐकून घेतली जाणार नाही. उशिरा आलेला स्वाध्याय स्वीकारला जाणार नाही. कोण ऐकणार नाही, कोण स्वीकारणार नाही? कुणीच नाही, ते आपोआप होत असतं. संस्था माणसाच्या रूपात एकदाच दिसते, शेवटच्या ओळीत : अंतिम निर्णय विभागप्रमुखांचा राहील.

वीस पत्रकांत आम्ही एक साधं वाक्य शोधत होतो, 'आम्ही अमुक करू.' स्वाध्याय आठ दिवसांत तपासून देऊ. तास रद्द झाला तर आदल्या रात्री कळवू. रेकॉर्डिंग त्याच दिवशी टाकू. असं एकही वाक्य सापडलं नाही. आमच्या दोन पत्रकांतसुद्धा नाही. आम्ही काय अपेक्षा ठेवतो ते पानभर, आमच्याकडून काय अपेक्षा ठेवावी याबद्दल चकार शब्द नाही. या मजकुराचा मुख्य दोष आमच्या मते हाच आहे. बाकीचे दोष यातूनच निघतात.

कुणी म्हणेल, पत्रक असंच असतं, त्यात नवल काय? नवल आहे, कारण दूर बसलेल्या विद्यार्थ्याला शिकवणं हे काही २०२० साली जन्माला आलेलं नाही. दिल्ली विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं १९६२ मध्ये. आणि आपल्या नाशिकला, इथून शंभरेक किलोमीटरवर, १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. राम ताकवले पहिले कुलगुरू, ब्रीदवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी'. आता ही ओळ पुन्हा ऐका. यात चालायचं कुणी? गंगेने. घराने नाही. त्या पद्धतीचा सगळा विचारच असा होता, की विद्यार्थी नोकरी करतो, शेत बघतो, पोरं सांभाळतो, तो रोज हजर राहू शकणार नाही हे धरूनच बाकीचं आखायचं. मग पुस्तक असं लिहायचं की ते एकट्याने वाचून समजलं पाहिजे. मध्ये मध्ये प्रश्न, आपलं आपण तपासायची सोय. संपर्कसत्र सुट्टीच्या दिवशी, जवळच्याच कॉलेजच्या इमारतीत. मुक्त विद्यापीठातही काही कमी रडगाणी नव्हती, पुस्तकं उशिरा मिळाल्याचं इथल्या कितीतरी जणांनी अनुभवलं असेल. पण पुस्तक उशिरा आलं तर चूक कुणाची, याबद्दल संशय नव्हता. ऑनलाइन वर्गात लिंक उघडली नाही तर चूक विद्यार्थ्याची. हा बदल झाला कधी, कुणी ठरवला, आम्हाला तरी कळलं नाही.

आता कॅमेऱ्याकडे येऊ, कारण पत्रकात सगळ्यात ठळक अक्षरात तोच असतो. 'कॅमेरा बंद आढळल्यास गैरहजर समजण्यात येईल.'

मोसमपुलाच्या पलीकडच्या वस्तीत आमचे बरेच विद्यार्थी राहतात. एक खोली, तिचंच स्वयंपाकघर, भिंतीपलीकडे यंत्रमाग. बारा-बारा तासांच्या पाळ्या, म्हणजे अकरा वाजता खोलीत रात्रपाळीचा बाप झोपलेला असतो. आई घरात, बहिणी घरात. कॅमेरा चालू ठेव म्हणणं म्हणजे पन्नास अनोळखी पोरांना त्या खोलीत बसवणं. आपल्या कॉलेजच्या वर्गात विद्यार्थी आपलं घर बाहेर ठेवून येऊ शकतो. चार बाकांवर सगळे सारखे दिसतात, गणवेश नसला तरी. ही वर्गखोलीची मोठी देणगी होती, ती आपण न विचारता काढून घेतली.

हे फक्त मालेगावचं दुखणं नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या फ्रँक कॅस्टेली आणि मार्क सार्व्हरी यांनी आपल्याच विद्यार्थ्यांना विचारलं, कॅमेरा का बंद ठेवता? २०२१ मध्ये त्यांचा लेख आला. सगळ्यात जास्त मिळालेलं उत्तर होतं, आपण कसे दिसतोय याची काळजी. शिवाय मागे घरातली माणसं दिसतात, खोली दिसते, नेट कमकुवत आहे. त्यांनी सक्ती न करण्याचा सल्ला दिला. परीक्षेचंही तेच. ओहायोत क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने परीक्षेआधी एका विद्यार्थ्याला वेबकॅम फिरवून खोली दाखवायला लावली, तो कोर्टात गेला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये फेडरल न्यायालयाने ही झडती घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडेही केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये, फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या खटल्यात, इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं. वाद होता वसतिगृहात मोबाइल कधी वापरू द्यायचा याचा, आणि तोही मुलींवर घातलेला नियम होता. आम्ही जमवलेल्या पत्रकांत 'खासगीपणा' हा शब्द एकदाही आला नाही.

शिक्षकाची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे परीक्षण लबाड होईल. पंचेचाळीस काळ्या चौकोनांपुढे बोलायचं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. विनोद केला तर हसू नाही, प्रश्न विचारला तर उत्तर नाही. एकदा आम्ही अर्धा तास माइक बंद ठेवून शिकवलं आणि कुणीही सांगितलं नाही. (हशा) म्हणून कॅमेऱ्याची मागणी येते. ती एकटेपणातून येते हे आम्हाला मान्य आहे. फक्त तिला शिस्त म्हणू नये.

आता हजेरी. इथे थोडं थांबायचंय.

२०२० च्या एप्रिलमध्ये मालेगाव कोरोनासाठी देशभर गाजत होतं, ते तुम्हाला सांगायला नको. त्याच महिन्याच्या २९ तारखेला विद्यापीठ अनुदान आयोगाने सूचना काढल्या, की लॉकडाऊनचा काळ हजेरीसाठी सगळ्यांनी उपस्थित राहिल्यासारखा धरावा. योग्य निर्णय होता. पुढे वर्ग उघडले, पण ऑनलाइन काही गेलं नाही. २०२१ मध्ये आयोगाने अभ्यासक्रमाचा चाळीस टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना मांडली, आणि जुना पंच्याहत्तर टक्के हजेरीचा नियम उचलून तसाच्या तसा ऑनलाइन तासांना लावला गेला.

आमच्या एका वर्गातली मुलगी. साल २०२२. घरात फोन एक, तो भावाबरोबर कामावर जायचा, रात्री आठला परत यायचा. तास सकाळी अकराला. ती रात्री रेकॉर्डिंग बघायची, वहीत उतरवायची, आणि तिचे स्वाध्याय वर्गात सगळ्यात चांगले असत. हजेरी भरली बावीस टक्के. नियमात सवलत होती, 'सबळ कारणासह अर्ज करावा'. तिने अर्ज केला. दीड पान. बापाचं काम सुटलेलं, फोन एकच का, आईची तब्येत, सगळं लिहिलं. तो अर्ज ऑफिसात दोन टेबलांवर फिरला, एका टेबलावर मोठ्याने वाचला गेला, आणि ती तेव्हा दारातच उभी होती. सवलत मिळाली. पण ती पुढच्या सत्राला आली नाही. आम्ही फोन केला तर म्हणाली, "सर, दर सहा महिन्यांनी आमच्या घरचं लिहून द्यायचं का?"

आम्ही त्यावर काहीतरी बोललो. काय बोललो ते आता सांगण्यासारखं नाही.

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला पुढे एका अगदी कोरड्या नियमात सापडलं. एनपीटीईएल, म्हणजे आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे जे ऑनलाइन अभ्यासक्रम 'स्वयम'वर चालतात, त्यातल्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचा नियम असा असतो : दर आठवड्याला स्वाध्याय, तारीख चुकली की चुकली. पण गुण धरायचे ते बारापैकी उत्तम आठांचे. त्याचे पंचवीस, आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे पंच्याहत्तर. झालं. चार आठवडे तुमचे. आजारी पडा, लग्नाला जा, फोन भावाकडे राहू दे, कुणी विचारणार नाही. अर्ज नाही, कारण नाही, दया नाही. शेवटची परीक्षा मात्र समोर बसून, म्हणजे प्रमाणपत्राची किंमतही राहते. तिथेही तक्रारी आहेत, बहुतेक स्वाध्याय पर्यायी प्रश्नांचे असतात, आणि टेलिग्रामवर उत्तरं फिरतात ते आम्हालाही दिसतं. पण नियम लिहिणाऱ्याने माणसाचं आयुष्य आधीच हिशेबात धरलंय. आमच्या पत्रकाने नियम कडक ठेवला आणि सूट दयेवर टाकली. तिने नियमातच सूट मागितली असती, दया नको होती.

म्हणून ढिलाई हा उपाय नाही, हेही स्पष्ट सांगतो. ऑक्टोबर २०२० मध्ये पुणे विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा पर्यायी प्रश्नांवर झाल्या, बहुतेकांनी घरूनच दिल्या. त्यानंतर कितीतरी ऑनलाइन वर्गांत अपेक्षाच उरली नाही. फॉर्म भरला की हजर, पीडीएफ टाकली की पास. त्या पोरांना पुढे मुलाखतीत 'कोरोना बॅच का?' म्हणून हसत विचारलं गेलं. ज्याने काहीच मागितलं नाही त्याने त्यांच्यावर उपकार केले नाहीत. गरीब पोरांकडून कमी अपेक्षा ठेवणं हाही एक अपमानच, फक्त तो गोड आवाजात केलेला असतो.

दोन बारीक गोष्टी पटकन सांगतो. वीसपैकी चौदा पत्रकं फक्त इंग्रजीत आहेत. वाचणाऱ्याच्या घरची भाषा उर्दू, मराठी किंवा अहिराणी. जो नियम मोडला तर वर्ष जातं, तो निदान समजेल अशा भाषेत द्यावा. आणि वेळापत्रक. यंत्रमाग शुक्रवारी बंद असतो. घरात आवाज नसतो, काही घरांत फोनही मोकळा असतो. पण दुपारी नमाज असते. मालेगावात ऑनलाइन तास ठेवायचा तर शुक्रवारी संध्याकाळी, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. एकाही वेळापत्रकात तो नव्हता.

एआयचा नियमही आता आलाय : 'वापर आढळल्यास शून्य गुण.' कसा आढळणार ते लिहिलेलं नाही. आमचं मत असं, की 'लेखकाचा परिचय द्या' हा प्रश्न वीस वर्षं तोच ठेवला तर उत्तर मशीनने दिलं काय आणि गाइडने दिलं काय. आम्ही यंदा विचारलं, तुमच्या घरातल्या किंवा गल्लीतल्या एका माणसाचे कामाचे दहा शब्द गोळा करा, अर्थ लिहा, तो शब्द त्यांनी कोणत्या वाक्यात वापरला ते लिहा. मागाचे शब्द आले, डाळिंबाच्या बागेचे आले, कांद्याच्या चाळीचे आले. निम्मे आम्हाला ठाऊक नव्हते.

शेवटी आमचं स्वतःचं पत्रक. टीका करून मोकळं होणं सोपं, म्हणून गेल्या सत्रात आम्ही एका वर्गापुरतं नवीन लिहिलं. एक पान, मराठी आणि उर्दूत. कॅमेरा ऐच्छिक, पण दर तासाला प्रत्येकाने एक प्रश्न किंवा एक उत्तर लिहून टाकायचं, रात्री टाकलं तरी चालेल, तीच हजेरी. दहा स्वाध्यायांपैकी उत्तम सात. तोंडी परीक्षा समोरासमोर, दहा मिनिटं. आणि पानाच्या उजव्या बाजूला, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, आमची बाजू : रेकॉर्डिंग त्याच रात्री, कमी आकाराच्या फाइलमध्ये. तास रद्द तर आदल्या रात्री नऊपर्यंत निरोप. स्वाध्याय आठ दिवसांत तपासून देऊ.

डावी बाजू पोरांनी बऱ्यापैकी पाळली. उजव्या बाजूचं सांगतो. तिसऱ्या स्वाध्यायाच्या वेळी निवडणुकीची ड्यूटी लागली, मग घरात लग्न, गठ्ठा तसाच राहिला. एका सकाळी ग्रुपवर मागच्या बाकावरच्या एका मुलाचा निरोप आला, खाली आमच्याच पत्रकाचा फोटो जोडलेला :

"सर, आज नववा दिवस."

आधी राग आला, खोटं कशाला बोला. मग पत्रक पुन्हा वाचलं. आमचा दिवस चुकला तर काय, हे आम्ही त्यात लिहिलंच नव्हतं. चौघे बसलो, आणि असं ठरलं की ज्या स्वाध्यायाला आम्ही उशीर करू त्याची तारीख चुकवलेल्यांनाही तो पुन्हा देता येईल. त्या आठवड्यात अकरा जणांनी दिला. ते तपासायला आम्हाला सहा दिवस लागले.