प्रदेशाभिमान आणि गौरवगीत

आपल्या प्रदेशाचा अभिमान माणसास का वाटतो, या प्रश्नाचे उत्तर शास्त्राच्या आधी काव्य देत असते. मराठीत ते देणाऱ्या गीतांपैकी कोल्हटकर, गोविंदाग्रज आणि राजा बढे यांची तीन गीते विशेष प्रसिद्ध आहेत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८७१ साली नागपुरास जन्मले व वकिलीनिमित्त वऱ्हाडात राहिले. गोविंदाग्रजांचा जन्म १८८५ मधील, तोही गुजरातेत, नवसारीचा. १९१९ मध्ये गोविंदाग्रज आणि १९३४ मध्ये कोल्हटकर निवर्तले, तेव्हा महाराष्ट्र नावाचे राज्य अस्तित्वात नव्हते. ते १ मे १९६० रोजी निर्माण झाले. म्हणजे अभिमान आधी आणि राज्य मागाहून, असा हा क्रम आहे.

हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे गौरवगीतांवरील एका नित्याच्या आक्षेपाचे स्वरूप पालटते. डोंगर, किल्ले, संत, वीर यांची यादी म्हणजे काव्य नव्हे, असे टीकाकार म्हणतात. आणि सामान्यतः ते खरेच आहे. परंतु मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि निजामी मराठवाडा अशा निरनिराळ्या अमलांखाली विखुरलेल्या समाजाला ही यादी आपले घर किती मोठे आहे, हे सांगत होती. नकाशाने जे तोडले होते, ते नामोच्चाराने जोडण्याचे हे कार्य होते.

राजा बढे यांचे गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झाले. त्यात महाराष्ट्राचे नाते यमुनेशी आणि दिल्लीच्या तख्ताशी जोडलेले आहे. दिल्लीत राहणाऱ्या मराठी वाचकास हा उल्लेख सहजी ओलांडून जाता येत नाही. त्यामागे इतिहास आहे. १७७१ मध्ये मराठी फौजांनी दिल्ली घेतली आणि पुढील वर्षी शाह आलम राजधानीत परतला. १७८४ मध्ये महादजी शिंदे त्याचे वकील-ए-मुतलक झाले. परंतु ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि ते रखवालदारीचे पर्व संपले. आज त्या पटपडगंजात ओळीने सहकारी वसाहती आहेत. ज्या अभिमानाचा आधार सत्ता, त्याचे आयुष्यही सत्तेइतकेच, असे म्हणावे लागते.

उत्तरेत महाराष्ट्र आणखी एका वाटेने आला होता. नामदेवांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि पंजाबात, घुमान येथे, त्यांचे स्थान आजही पूज्य आहे. ही पदे मराठीत नाहीत; ती ऐकणाऱ्यांच्या बोलीजवळची आहेत. पंढरीच्या भक्तीचा आशय त्यांनी परक्या भाषेच्या स्वाधीन केला आणि त्या भाषेने तो आपलासा केला. अनुवादाच्या व्यवसायात आयुष्य घालविणाऱ्यास यात मोठा बोध आहे. आपल्याजवळचे उत्तम दुसऱ्याच्या मुखी जावे आणि तेथे ते परके वाटू नये, याहून प्रदेशाचा मोठा गौरव कोणता? तथापि आपल्या गौरवगीतांच्या परंपरेत तख्त राखण्याचा जेवढा घोष आहे, तेवढा या देण्याचा नाही.

ही उणीव केवळ वाङ्मयीन नाही. १९५४ मध्ये लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत साहित्य संमेलन भरले, तेव्हा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेलेला होता आणि मराठी राज्याची आकांक्षा अपुरी होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली ते पुन्हा येथे भरले, तेव्हा राज्य साठ वर्षांहून जुने होते आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जाही मिळालेला होता. मागावयाचे होते ते बहुतांशी मिळाले. आता दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथे वाढणाऱ्या मराठी मुलाने कशाचा अभिमान बाळगावा, हा प्रश्न उरतो. त्याला किल्ल्यांची नावे पाठ करविता येतील. परंतु ते किल्ले त्याच्या नित्याच्या अनुभवात नाहीत. त्याच्या अनुभवात आहे ती दोन-तीन भाषांची रोजची देवघेव. या देवघेवीतून आपण काय देतो, हे सांगणारे गौरवगीत मराठीत अद्याप लिहिले जावयाचे आहे. ते लिहिणारा कवी कदाचित महाराष्ट्राबाहेरचाच असेल. नवसारीत जन्मलेल्या गोविंदाग्रजांच्या परंपरेला ते साजेसेच होईल.