वेव्हलेट विघटनाद्वारे संकेतांचे वैशिष्ट्य-निष्कर्षण : एक चिकित्सा

अभियांत्रिकी व संगणकशास्त्र या विषयांतील शोधनिबंधांत वेव्हलेट विघटनाद्वारे वैशिष्ट्य-निष्कर्षण हा विषय वारंवार पहावयास मिळतो. प्रस्तुत लेखात अशा निबंधांतील पद्धतीची चिकित्सा, बारामती व इंदापूर परिसरातील महाविद्यालयीन संशोधन डोळ्यांसमोर ठेवून, केली आहे.

फूरिएच्या वर्णपटावरून संकेतात कोणत्या वारंवारता आहेत ते कळते. त्या केव्हा आल्या ते दिसत नाही. तेलशोधाच्या भूकंपीय नोंदी अभ्यासणारे झाँ मोर्ले यांना ही उणीव जाणवली आणि १९८४ साली ग्रोसमन यांच्यासह त्यांनी वेव्हलेट रूपांतरणास गणिती पाया दिला. इन्ग्रिड डोबेशी (१९८८) व स्टेफान माला (१९८९) यांच्या कार्यामुळे ते संगणकावर सुलभ झाले. साधनाविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती वापराविषयी.

हृदयालेखावरील बहुतेक निबंध बोस्टन येथील एमआयटी-बीआयएच या १९८० च्या संग्रहावर आधारलेले असतात. त्यात ४७ व्यक्तींच्या अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी आहेत. नमुनादर सेकंदाला ३६० आहे. या दराने चौथ्या स्तरावर सुमारे ११ ते २२ हर्ट्झ व पाचव्यावर ५.६ ते ११ हर्ट्झ असा पट्टा येतो, म्हणून क्यूआरएस लहर तेथे ठळक दिसते. मात्र हेच स्तर १,००० नमुन्यांच्या स्थानिक नोंदीसाठी जसेच्या तसे उचलले, तर चौथा स्तर ३१ ते ६२ हर्ट्झचा होतो आणि आपल्याकडील वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण नेमकी त्यात शिरते. स्तर हा निव्वळ क्रमांक आहे, त्याचा अर्थ नमुनादरावर ठरतो, हे निबंधांत क्वचितच नमूद असते. 'डीबी-४' हीच वेव्हलेट का निवडली, याचेही कारण बहुधा दिलेले नसते.

याहून गंभीर दोष चाचणीचा आहे. एकाच रुग्णाचे काही ठोके प्रशिक्षणात व काही चाचणीत ठेवले, की ९९ टक्क्यांच्या आसपासची अचूकता सहज मिळते. ती रोगाची ओळख की रुग्णाची? द शाझाल व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पेसमेकरच्या चार नोंदी वगळून उरलेल्या ४४ नोंदी, रुग्ण वेगळे राहतील अशा रीतीने, २२-२२ मध्ये विभागल्या. त्यानंतरही जुनी विभागणी चालू राहावी, हे परीक्षकांचेही अपयश म्हणावे लागेल.

बोस्टनच्या संग्रहाला सर्वमान्यता आहे, तुलनाही सोपी जाते, हे मान्य. तथापि माळेगाव व भवानीनगर येथील साखर कारखान्यांची यंत्रे महाविद्यालयांपासून दूर नाहीत आणि तेथील कंपने तयार संग्रहाइतकी सालस नसतात. उसाच्या चरकाचा रूळ मिनिटाला पाच फेरे घेतो असे धरल्यास त्याची वारंवारता ०.०८३ हर्ट्झ होते. सेकंदाला १,००० नमुन्यांच्या नोंदीत ती तेराव्या स्तरावर सापडते. रूढ पाच स्तरांच्या विघटनात ती वेगळी दिसणारच नाही. तेराव्या स्तरावरील एकेक गुणकच सुमारे आठ सेकंदांचा असल्याने नोंद काही मिनिटांची तरी हवी. अशा संथ, नियमित फिरण्यासाठी खरे तर फूरिए पुरेसे आहे. वेव्हलेटची गरज लागते ती बेअरिंगमधील अवचित ठोका टिपताना, आणि त्यासाठी नमुनादर याहून बराच वाढवावा लागतो.